जुन्या जिप्सीच्या पुढच्या चाकांची थरथर: निदान आणि दुरुस्ती

जुनी मारुती जिप्सी विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात रुंद टायर, उंची वाढवणारे शॅकल (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणारे दुवे) आणि छतावरच्या दिव्यांची पट्टी यांची चौकशी सुरू होते. मात्र साठ-सत्तरच्या वेगात एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग हातात धडधडू लागत असेल आणि वेग अगदी कमी केल्याशिवाय थांबत नसेल, तर या खरेदीआधी पुढचा अ‍ॅक्सल दुरुस्त करावा. बहुतेक गॅरेजमध्ये या थरथरीवर नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवून दिला जातो. माझ्याही गाडीला तो दोनदा बसवण्यात आला आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत थरथर परतली, कारण डॅम्पर धक्का शोषतो, पण सांध्यांतली ढिलाई तो घालवू शकत नाही. पुढील विवेचन 1.3 लिटर इंजिनाच्या जिप्सी किंगला धरून केले आहे.

तपासणीची सुरुवात सर्वांत स्वस्त गोष्टीपासून करावी. पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून तोच रस्ता पुन्हा चालवून पाहावा. थरथर ज्या वेगाला येत होती तो बदलला किंवा ती नाहीशी झाली, तर दोष टायरच्या बॅलन्सिंगमध्ये किंवा वाकलेल्या रिममध्ये आहे. फरक पडला नाही, तर गाडी जमिनीवरच ठेवून मदतनिसाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवण्यास सांगावे आणि आपण खाली बसून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. रॉड हलतो पण त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट उशिरा हलतो, असे बोटाला जाणवले, तर तो टायरॉड एंड (चाके वळवणाऱ्या रॉडच्या टोकाचा सांधा) बदलण्याजोगा झाला आहे. स्टिअरिंग बॉक्स ज्या बोल्टांवर चॅसिसला बसतो, तेही याच वेळी पाहावेत. कोकणात किंवा गोव्यात वापरलेल्या गाडीत त्या जागी गंज आणि बारीक तडे सापडण्याची शक्यता अधिक असते, आणि तसे आढळल्यास पुढचे काम वेल्डिंग झाल्यावरच करावे.

यानंतर मागच्या चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावून, पुढचा अ‍ॅक्सल जॅकने उचलून स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली हातही घालू नये. चाक वरून आणि खालून धरून हलवल्यावर टकटक जाणवली, तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरण्यास सांगून तीच कृती पुन्हा करावी. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे ही ढिलाई, नाहीसा झाला, तर व्हील बेअरिंग सैल आहे. तो तसाच राहिला, तर दोष नकलच्या (स्टिअरिंगबरोबर चाकाला वळवणाऱ्या भागाच्या) किंगपिन बेअरिंगमध्ये आहे. किंगपिन म्हणजे नकल ज्यावर वळते त्या वरच्या-खालच्या खुंट्या. या एका युक्तीने बराच अनावश्यक खर्च वाचतो, कारण व्हील बेअरिंग कित्येकदा नुसता नट नीट आवळूनही भागते, तर किंगपिनसाठी संपूर्ण नकल उतरवावी लागते.

नकल उतरवण्यासाठी सुट्टीचा पूर्ण दिवस राखून ठेवावा. कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) सोडवून तो तारेने चॅसिसला टांगावा आणि ब्रेकच्या नळीवर त्याचे वजन येऊ देऊ नये. मग हब (चाक ज्यावर बसते तो भाग), डिस्क आणि स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) काढून अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर ओढावा, टायरॉड एंड सोडवावा आणि आतल्या बाजूच्या सील-पट्टीचे बोल्ट काढावेत. वरच्या आणि खालच्या किंगपिनखाली पातळ शिम (धातूच्या चकत्या) असतात. ते कोणत्या बाजूचे आणि कोणत्या जागेचे, हे काढतानाच चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यांत ठेवावे, कारण ते एकदा मिसळले की पुढचा सारा हिशेब अंदाजावर जातो. नकलमध्ये घट्ट ग्रीसऐवजी काळसर पातळ रबडी निघाली, तर अ‍ॅक्सलमधले आतले ऑइल सील गळत आहे असे समजावे आणि तेही बदलावे. जुन्या बेअरिंगच्या वाट्या पितळी पंचाने चारी बाजूंनी थोड्या थोड्या ठोकून काढाव्यात. पोलादी छिन्नीने त्यांच्या बैठकीवर ओरखडे पडतात.

नव्या बेअरिंगमध्ये तळहाताने दाबून ग्रीस भरावे आणि सील व शाफ्ट न बसवता नकल जोडून किंगपिनचे बोल्ट आवळावेत. आता टायरॉडच्या छिद्रात ताणकाटा अडकवून नकल फिरवावी. ती सुमारे 1 ते 1.8 किलोच्या ओढीने फिरू लागली पाहिजे. ती सैल वाटली, तर एखादा शिम कमी करावा. जड वाटली, तर वाढवावा. हा ताणकाटा अनेकजण वगळतात आणि नेमके इथेच काम फसते. ओढ जमल्यावर नवे सील घालून बाकीची जोडणी उलट्या क्रमाने करावी आणि शेवटी टो-इन (पुढची चाके समोरून किती आत वळलेली आहेत ते माप) अलाइनमेंटच्या दुकानात तपासून घ्यावे.

सुधारणांपैकी मला सर्वांत उपयोगी वाटलेली सुधारणा दिसायला अगदी क्षुल्लक आहे. पावसाळ्यात तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून) पाणी आत ओढले जाते. मग गिअर ऑइल दुधाळ चहासारखे दिसू लागते. दोन्ही अ‍ॅक्सलच्या ब्रीदरना तेल सहन करणारी रबरी नळी जोडून तिचे टोक इंजिनाच्या खोलीत उंच बांधल्यास ही अडचण टळते. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) झिजलेले बुश, म्हणजे टोकांमधले रबर, बदलल्यानेही गाडी रस्त्यावर अधिक सरळ चालते. मात्र गाडी मऊ व्हावी म्हणून एखादा पाटा काढून टाकण्याचा सल्ला मानू नये. लांब शॅकलबाबतही सावध राहावे, कारण त्याने पुढच्या अ‍ॅक्सलचा कोन बदलून कॅस्टर (स्टिअरिंग आपोआप सरळ ठेवणारा किंगपिनचा मागचा कल) कमी होतो आणि नुकतीच घालवलेली थरथर परत येऊ शकते. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर निर्बंध आहेत, आणि 15 वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडीची तपासणी होते, तेव्हा असे बदल अडचणीचे ठरू शकतात.

दुरुस्तीनंतर 100 किलोमीटर चालवून किंगपिनचे, टायरॉडचे आणि चाकांचे सर्व नट-बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत. फोर-व्हील ड्राइव्ह महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर काही किलोमीटर जोडून चालवावा, म्हणजे पुढच्या भागांत तेल फिरते. कोरड्या डांबरावर तो जोडू नये, कारण वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना कापावे लागणारे अंतर वेगवेगळे असते आणि तो ताण प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (त्याच्या टोकांच्या सांध्यांवर) येतो.