दुसरी शाखा काढताय? या चुका टाळा

नागपुरात खाण्याचं दुकान चाललं की मालकाच्या मनात दुसरी जागा घोळू लागते. धरमपेठेत गर्दी मावत नाही, मग मनीषनगरात का नको? विचार चांगलाच आहे. पण पहिलं दुकान मालकाच्या नजरेवर चालतं आणि दुसऱ्या दुकानात ती नजर नसते. बहुतेक शाखा इथेच अडखळतात, आणि मालक दोष जागेला नाहीतर पोरांना देत बसतात.

चव कारागिराच्या हातात सोडणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. पोह्यांवरची तर्री, म्हणजे हरभऱ्यांचा झणझणीत रस्सा, हेच उदाहरण घ्या. "तिकडच्या तर्रीला इथली चव नाही," असं गिऱ्हाईक म्हणू लागलं की कारागिराला झापण्याआधी क्रमाने तपासा. मीठ-तिखट वजनाने पडतं की मुठीने? वाटणातला कांदा रोज सारखाच भाजला जातो का? हरभरे किती तास भिजले? आणि तर्री किती वेळ गॅसवर आहे? उकळत राहिली की पाणी आटतं, खारटपणा चढतो. मग कुणीतरी अंदाजाने गरम पाणी ओततो. सातला आलेला माणूस झणझणीत खाऊन जातो, अकराला आलेला फिकी. शाखेचं नाव खराब होतं ते असं.

उपाय सोपा आहे, फक्त शिस्त लागते. कोरडा मसाला आणि वाटण एकाच ठिकाणी करा, वजन करून पाकिटं शाखेला पाठवा. शाखेत हरभरे शिजवणं आणि फोडणी एवढंच काम उरलं पाहिजे. पातेल्यात पाण्याची खूण करा, वाढायचा डाव दोन्हीकडे एकाच मापाचा ठेवा. मोठं पातेलं दिवसभर उकळत ठेवण्यापेक्षा लहान घाण्यात तर्री करा.

मे महिन्याची वेगळी काळजी. पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा रात्री बाहेर भिजवलेले हरभरे पहाटेपर्यंत आंबूस होतात. उन्हाळ्यात ते फ्रिजमध्येच भिजवा. वाटण ५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि वाढायची तर्री ६० अंशांच्या खाली. शे-दोनशे रुपयांचा थर्मामीटर घेतला की वाद मिटतो.

यादी वाढवत नेणं

पोहे, समोसा, पाटोडी नीट चालू असतात. कुणी चायनीज मागतं, कुणी पावभाजी, आणि यादी लांबते. प्रत्येक नवा पदार्थ म्हणजे आणखी एक शेगडी, आणखी उरलेला माल, आणखी शिकवणं. कॅलिफोर्नियातल्या मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये नेमकं उलटं केलं. चालतं दुकान त्यांनी काही महिने बंद ठेवलं, सुमारे २५ पदार्थांची यादी ९ वर आणली आणि १५ सेंटचा हॅम्बर्गर विकायला सुरुवात केली. पुढे नव्या स्वयंपाकघराचा आराखडा त्यांनी टेनिस कोर्टवर खडूने काढला आणि कामगारांना त्यात फिरवून कोण कुठे अडतो ते पाहिलं. हा प्रयोग आपल्याला अंगणातही करता येतो. भाड्याची जागा घेतल्यावर ओटा फोडण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे.

तळणाचं तेल हा यादीशीच जोडलेला प्रश्न. समोसा आणि चिकन एकाच कढईत तळलं की पहिला वार चवीवर होतो, आणि शाकाहारी गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे पोलर घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, हा अन्नसुरक्षेचा नियम आहे.

चुकीच्या दिवशी गर्दी मोजणं

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असताना सिव्हिल लाइन्समध्ये जागा पाहाल तर कुठलाही कोपरा सोन्याचा वाटेल. तीच जागा मे महिन्यात दुपारी दोनला पाहा. पोह्याचं दुकान असेल तर सकाळी सात ते दहा या वेळात तिथून कोण जातं तेवढंच महत्त्वाचं.

फ्रँचायझीची घाई

पैसे कमी पडले की फ्रँचायझी द्यायचा मोह होतो. मॅकडोनाल्ड बंधूंनी, पुढे त्यांच्या दुकानाची साखळी वाढवणारे रे क्रॉक येण्याआधीच, नाव वापरायचे परवाने दिले होते. घेणाऱ्यांनी आपापल्या मनाने पदार्थ बदलले. क्रॉक यांनी १९५५ पासून एकसारखेपणाचा हट्ट धरला. पण त्यांना विक्रीच्या फक्त १.९ टक्के मिळायचे आणि त्यातला अर्धा टक्का बंधूंना जायचा, त्यामुळे हातात काही उरत नसे. १९५६ मध्ये क्रॉक यांचे पैशांचा व्यवहार पाहणारे सहकारी हॅरी सॉनबोर्न यांनी जागा आधी कंपनीने घ्यायची आणि चालवणाऱ्याला भाड्याने द्यायची ही वाट काढली. उत्पन्न आलं आणि नियम मोडणाऱ्यावर वचकही राहिला. आपल्याकडे छोट्या मालकाला जागा घेणं झेपत नाही, हे खरं. म्हणूनच माझं ठाम मत आहे: मालक महिनाभर गावाला गेला तरी स्वतःची दुसरी शाखा त्याच चवीने चालते, हे सिद्ध होईपर्यंत नाव कुणाला देऊ नका. दिलंच, तर मसाला तुमच्याकडूनच घ्यावा लागेल अशी अट करारात लिहून घ्या.

कागद आणि गल्ला

अन्न परवाना प्रत्येक जागेचा वेगळा लागतो. पहिल्या दुकानाचा दुसऱ्या भिंतीवर टांगून चालत नाही. हिशेबाची वहीही वेगळीच ठेवा. जुन्या दुकानाच्या गल्ल्यातून नव्याचं भाडं गुपचूप भरलं जात असेल, तर नवी शाखा तोट्यात आहे हे कळेपर्यंत जुन्या दुकानाच्या किराणावाल्याची उधारी थकलेली असते.