सुपरमधून कर्ज काढून घर घेताय? या चुका टाळा

मेलबर्नमध्ये शनिवारी दुपारी फोन वाजला की मला धडकीच भरते. ऑक्शन संपायची ती वेळ.

असाच एका जोडप्याचा फोन आला. "दादा, घेतलं! टारनीटला, चार बेडरूम." एसएमएसएफ, म्हणजे स्वतः ट्रस्टी होऊन चालवायचा सुपर (ऑस्ट्रेलियातला निवृत्ती फंड), काढून त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. म्हटलं, करारावर नाव कुणाचं? "आमचं दोघांचं. फंड आमचाच आहे ना?" आणि डिपॉझिट? ते फंडाच्या खात्यातून!

फंडाला कर्ज काढायला मुळात बंदी आहे. १९९३ च्या सुपर कायद्यातलं कलम ६७-अ ही त्यातली चिंचोळी वाट. कर्जातून एकच मालमत्ता घ्यायची, ती बेअर ट्रस्टमध्ये, म्हणजे फंडासाठी मालमत्ता नुसती नावावर धरणाऱ्या ट्रस्टमध्ये, ठेवायची, आणि हप्ते थकले तर कर्ज देणाऱ्यानं त्या मालमत्तेवरच समाधान मानायचं. म्हणजे करारावर खरेदीदार हवा बेअर ट्रस्टचा ट्रस्टी. इथे तो जन्मालाच आला नव्हता. तो नंतर काढणं म्हणजे वरातीमागून घोडं. घर आधी स्वतः घ्यावं आणि मग फंडाला विकावं, तर सभासदाकडून राहतं घर घ्यायला फंडाला मनाई. व्हिक्टोरियात (मेलबर्नचं राज्य) ऑक्शनला कूलिंग-ऑफ, म्हणजे सही करून माघार घ्यायची मुदतही नसते, आणि विक्रेता नाव बदलून देईना. शेवटी त्यांनी साधं होमलोन काढलं, डिपॉझिट व्याजासकट फंडात भरलं. फंडाचा पैसा सभासदांनी वापरला म्हणून ऑडिटरनं एटीओला, म्हणजे कर खात्याला, कळवलं ते वेगळंच.

तेव्हापासून फंड, बेअर ट्रस्टची कंपनी आणि कर्जाची प्राथमिक मंजुरी हातात आल्याशिवाय मी कुणाला घरं बघायलाही जाऊ देत नाही. लोक चिडतात. चिडू देत. आणि सिडनीच्या मित्राचे कागद बघून इथे सह्या करू नका. बेअर ट्रस्टच्या डीडवर सही कधी करायची, याची रीत राज्यागणिक बदलते. चुकलात तर स्टॅम्प ड्युटी दोनदा भरायची पाळी येते.

दुसरी लाडकी चूक म्हणजे कर्जातून प्लॉट घेऊन त्यावर घर बांधणं. घर उभं राहिलं की ती मालमत्ता वेगळीच झाली, त्यामुळे कर्ज फिटेपर्यंत हे चालत नाही, बांधकामाला फंडाचे स्वतःचे पैसे घातले तरी. गळकं छप्पर कर्जाच्या पैशातून दुरुस्त करा खुशाल. एखादी खोली वाढवायची असेल तर मात्र खर्च फंडाच्या पैशातून.

"पुण्याहून आई-बाबा येतायत, तोवर राहतील तिथे." नाही. बाजारभावानं भाडं देऊनही नाही.

बिनव्याजी कर्ज स्वतःच फंडाला द्यायची हुशारीही नको. त्या घराच्या उत्पन्नावर १५ ऐवजी ४५ टक्के कर बसू शकतो.

आणि "बाकीचा फंड सुरक्षित" या शब्दांवर जाऊ नका, कर्ज देणारे बहुतेकदा सभासदांची वैयक्तिक हमी घेतात. वेस्टपॅक आणि कॉमनवेल्थ बँक २०१८ मध्येच या धंद्यातून बाहेर पडल्या, त्यामुळे आता छोट्या संस्थांच्या दारात जावं लागतं.

भाडेकरू गेला तर हप्ता कुठून? मी सहा महिन्यांचे हप्ते फंडात रोख ठेवायला लावतो. खिशातून भरू म्हणाल, तर ते फंडातलं योगदान धरलं जातं, आणि योगदानाला वर्षाची मर्यादा आहे.