रिमिनीत स्वस्तात राहायचं तर नुसतं खोलीभाडं बघू नका

माझं काम हिशेब लिहिण्याचं. लक्ष्मी रोडवरच्या काही दुकानांची खाती माझ्याकडे असतात, त्यामुळे घरात इटलीचं ठरलं तेव्हा समुद्रकाठचं हॉटेल शोधायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. विमानाचं आमचे हे बघणार, फोटोच्या जागा लेक शोधणार. सासूबाईंचं मागणं एकच: रात्री गरम जेवण हवं आणि ताटात भलतंसलतं काही निघायला नको. आता कोथरूडमधल्या अर्ध्या ओळखी मलाच फोन करून विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

आधी जागा. कॅप्री, अमाल्फी, चिंक्वे तेर्रे ही नावं सगळ्यांना माहीत असतात, आणि तिथले दर बघून सगळे गप्प बसतात. आम्ही रिमिनी निवडलं. एड्रियाटिक समुद्राच्या काठावर, एमिलिया-रोमान्या प्रांतात हे गाव आहे. सुमारे १५ किलोमीटर सपाट वाळू आणि तिला लागून ओळीनं शेकडो हॉटेलं. त्यातली बरीचशी घरच्या लोकांनी चालवलेली, म्हणजे गल्ल्यावर मालक आणि स्वयंपाकघरात त्याची आई किंवा बायको. इटलीतली साधी कुटुंबं वर्षानुवर्षं सुट्टीला इथंच येतात. एवढी हॉटेलं शेजारी शेजारी असली की दर आपोआप ताब्यात राहतात. निळ्या पाण्यावर लटकलेले कडे हवे असतील तर इथं येऊ नका, समुद्र अगदी साधा दिसतो. पण पाणी लांबपर्यंत उथळ आहे. सासूबाईंना गुडघाभर पाण्यात निवांत उभं राहता आलं, ते कड्यावर जमलं नसतं.

दर ठरतो तो तारखेवर. १५ ऑगस्टला तिकडे फेर्रागोस्तो हा मोठा सण असतो. त्याच्या मागचापुढचा आठवडा म्हणजे सगळी इटली समुद्रावर, आणि मेअखेरीचा दर तेव्हा दुपटीच्या घरात जातो. आपल्या सोयीनं बघितलं तर शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा हा काळ उत्तम. तिकडच्या शाळा तेव्हा अजून सुटायच्या असतात, आणि सुटल्या की गर्दी सुरू. मध्ये २ जूनला त्यांचा प्रजासत्ताक दिन येतो. तो शनिवार-रविवारला जोडून आला तर तेवढ्या रात्री महाग पडतात. सप्टेंबरही स्वस्त, समुद्रही तेव्हा जास्त कोमट, पण गणपतीत घर सोडून कोण जाणार? शिवाय सप्टेंबरमध्ये जवळच मिझानोला मोटोजीपी ही मोठी मोटरसायकल शर्यत असते, त्या आठवड्यात खोली मिळणं मुश्कील. दिवाळीच्या सुट्टीचा विचारच करू नका. छत्र्या मिटलेल्या असतात आणि किनाऱ्यावरची कितीतरी हॉटेलं थेट वसंतापर्यंत बंद. आणखी एक बघायचं म्हणजे रिमिनीतल्या प्रदर्शन केंद्राच्या तारखा. तिथं मोठमोठी व्यापारी प्रदर्शनं भरतात आणि ऐन शांत काळात दर एकदम उडी मारतात. एखाद्याच आठवड्याचा भाव विनाकारण चढलेला दिसला तर कारण बहुधा तेच असतं.

आता मुख्य मुद्दा. ऑनलाइन यादीत सगळ्यात स्वस्त खोली वर येते, ती फक्त खोली आणि नाश्ता असते. खाली जरा महाग दिसणाऱ्या ओळीत लिहिलेलं असतं मेद्झा पेन्सिओने, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून माणशी दर. दिवेआगर-गुहागरला आपण घरगुती राहतो तेव्हा जसं खोली आणि जेवणाचं मिळून ठरवतो, तसंच हे. दुपारचंही जेवण धरलेलं असेल तर त्याला पेन्सिओने कोंप्लेता म्हणतात. मी वहीत दोन रकाने पाडले. समजा दोन माणसांसाठी पहिलं हॉटेल नाश्त्यासकट ६२ युरो सांगतंय. बाहेर साधं जेवायचं म्हटलं तरी माणशी १८ धरा, झाले ३६. त्यावर कोपेर्तो म्हणून बसण्याचे माणशी २, ही लूट नव्हे, तिकडची रीतच आहे. पाण्याची बाटली ३. एसीचे वेगळे ६, कारण स्वस्त हॉटेलं एसीचे पैसे बाजूला लावतात. वाळूवरची छत्री आणि दोन खाटा २२. एकूण १३३. दुसरं हॉटेल मेद्झा पेन्सिओने धरून माणशी ५० म्हणतंय, म्हणजे १००. पेयं त्यातही धरलेली नसतात, म्हणून ३. एसी दरातच. छत्रीवाल्याशी हॉटेलचं ठरलेलं, म्हणून १६. एकूण ११९. यादीत जे ३८ युरोनं महाग दिसत होतं ते दिवसाला १४ युरोनं स्वस्त निघालं. आकडे तुमचे तुम्ही घाला, रकाने हेच ठेवा.

पेन्सिओने कोंप्लेता मात्र घेऊ नका. दुपारी साडेबाराला जेवायला परत यायचं म्हणजे पायाला दोरीच बांधून घेतल्यासारखं. दुपारी पियादिना खावी. ती रोमान्या भागाची पातळ भाजलेली पोळी, २०१४ पासून तिला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. पण थांबा, शाकाहारी घरांसाठी महत्त्वाचं: पारंपरिक पियादिनाच्या पिठात डुकराची चरबी असते. तिला स्त्रुत्तो म्हणतात. वर नुसतं चीज आणि पालेभाजी दिसते म्हणून फसू नका. ऑलिव्ह तेलात मळलेलीही बऱ्याच टपऱ्यांवर मिळते, ‘सेन्त्सा स्त्रुत्तो’ म्हणून आधी विचारायचं. आत स्क्वाक्केरोने नावाचं मऊ, पांढरं, जरासं आंबूस चीज आणि रुकोलाची पानं घालून घ्या. सासूबाईंनी पहिल्या घासाला नाक मुरडलं आणि मग लेकीच्या हातातलीही अर्धी संपवली.

रात्रीच्या जेवणाचं हॉटेलला आधी कळवायचं. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, मासा चालत असेल असा त्यांचा समज होतो. मांस नको, मासे नकोत, मांसाचा रस्सा नको, अंडं चालेल की नाही, हे एकेक लिहायचं. पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पास्त्यावर किसू नका असंही सांगून ठेवावं. एवढं केलं की अडचण येत नाही. टोमॅटोचा पास्ता, भाजलेली वांगी-झुकिनी, आणि या भागातल्या बऱ्याच हॉटेलांत जेवणाआधी भाज्यांची बुफेसारखी मांडणी असते, तिच्यावर अर्धं पोट भरतं. तिखट नसतं, त्यामुळे लसणाची कोरडी चटणी पर्समध्ये हवीच. जेवणाची वेळ ठरलेली असते, साधारण साडेसात. नऊला उगवलात तर स्वयंपाकघर आवरलेलं असतं आणि चूक तुमची.

हॉटेल कुठं आहे ते नकाशावर स्वतः बघा. ‘समुद्रापासून ५० मीटर’ आणि ‘समुद्राकडे’ यांत फार अंतर असू शकतं. रिमिनीत रेल्वेरूळ किनाऱ्याला समांतर जातात. हॉटेल रूळ आणि समुद्र यांच्या मधे हवं. रुळांच्या पलीकडचं स्वस्त असतं, पण मग पोहण्याच्या कपड्यांत भुयारी रस्ता ओलांडत रोज दोनदा जाणं आलं. मारिना चेंत्रो हा मधला भाग, स्टेशनही चालत गाठता येतं, पण रात्री उशिरापर्यंत गलका. दक्षिणेला रिवाद्झुर्रा, मिरामारे. तिथं कमी पैशांत बरी खोली मिळते आणि ११ नंबरची बस किनाऱ्याच्या रस्त्यानं थेट शेजारच्या रिच्चोने गावापर्यंत जाते. तिचे थांबे नंबरांनी ओळखले जातात, तेव्हा हॉटेलला ‘कितव्या थांब्यावर उतरू’ एवढंच विचारा. २०१९ पासून मेट्रोमारे नावाची जलद बसही रेल्वेच्या कडेनं त्याच बाजूला धावते. उत्तरेला विझेर्बा, तोर्रे पेद्रेरा. शांत आणि घरगुती, लहान मुलं असतील तर मी तिकडेच जाईन. फक्त तिथं रूळ हॉटेलांच्या अगदी पाठीशी येतात, त्यामुळे खोली समुद्राच्या अंगाची मागून घ्या.

वाळूचं गणित आपल्याला नवं असतं. किनारा ‘बान्यो’ नावाच्या नंबर दिलेल्या पट्ट्यांत वाटलेला आहे. प्रत्येकाच्या रंगाच्या छत्र्या, खाटा, कपडे बदलायच्या खोल्या. पहिल्या रांगेचा दर सगळ्यात जास्त, मागे सरकाल तसा कमी. पाचव्या रांगेतूनही समुद्र तोच दिसतो, खरं म्हणजे पुढच्या चार रांगांची माणसं दिसतात आणि ती जास्त करमणूक. फुकट पट्टाही असतो, स्प्याज्जा लीबेरा, पण तो छोटा आणि सावली आपली आपण न्यायची. दुपारचं ऊन बघता सासूबाईंसाठी छत्री घ्यावीच लागते.

हॉटेल यादीवर शोधा, पण पक्कं करण्याआधी एकदा थेट मेल किंवा व्हॉट्सॲप करा. तारखा, माणसं, मुलांची वयं आणि जेवण लिहून ‘प्रेव्हेन्तीवो’ मागायचं, म्हणजे दरपत्रक. थेट विचारलं की छत्री दरात घालणं, मुलाच्या खाटेचे पैसे सोडणं अशा गोष्टी जमतात. घासाघीस मंडईसारखी करू नका, एकदाच नम्रपणे विचारा. बयाणा मागतात, त्याला कापार्रा म्हणतात, आणि आपण रद्द केलं तर तो सहसा बुडतो. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत फुकट रद्द करता येणारंच बुकिंग ठेवायचं, त्यासाठी पाच-सात टक्के जास्त गेले तरी जाऊ देत. १ जानेवारी २०२५ पासून इटलीत राहण्याच्या प्रत्येक जागेला जाहिरातीत सीआयएन नावाचा राष्ट्रीय क्रमांक द्यावा लागतो. तो दिसत नसेल तर मागा. टाळाटाळ झाली तर पुढं जा.

व्हिसाच्या कागदांत प्रत्येक रात्रीचं राहणं दाखवावं लागतं, आणि हॉटेलच्या पत्रावर घरातल्या सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे हवीत. यादीवाल्या कंपन्या बरेचदा एकाचंच नाव छापतात, तेव्हा हॉटेलकडून वेगळं पत्र घ्या. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या इटालियन वकिलातीकडे जातात. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. विमा किमान ३०,००० युरोचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायला फार ओढाताण होते, तेव्हा होळीची वाट बघत बसू नका.

पोचल्यावर पासपोर्ट मागून घेतात. घाबरायचं नाही, प्रत्येक पाहुण्याची माहिती पोलिसांना कळवणं हॉटेलांना कायद्यानं बंधनकारक आहे. निघताना बिलावर पर्यटन कर लागतो, माणशी दर रात्रीचा, ताऱ्यांप्रमाणे. यादीतल्या दरात तो बहुतेकदा धरलेला नसतो आणि रोख मागतात, म्हणून सुटे युरो राखून ठेवा. तीन तारे म्हणजे आपल्याकडची ऐसपैस खोली समजू नका. लिफ्टमध्ये दोन माणसं आणि एक बॅग, बाथरूममध्ये कोपर आपटतं. पण बाथरूममध्ये बिडे, म्हणजे शौचानंतर धुण्यासाठीचं बसकं भांडं, असतो, १९७५ च्या सरकारी हुकुमानुसार घराघरांत तो सक्तीचा आहे. युरोपात गेल्यावर आपल्या माणसांना जी एक काळजी असते ती इटलीत मिटते. चहाची किटली खोलीत नसते. आपल्या मोबाइल चार्जरच्या दोन गोल पिना चालतात, तीन पिनांचा प्लग चालत नाही.

जायचं कसं? मुंबईहून दुबईमार्गे बोलोन्याला उतरणं सगळ्यात सोपं. विमानतळावरून मार्कोनी एक्सप्रेस नावाची एकरुळी गाडी मुख्य स्टेशनला नेते, सात-आठ मिनिटांच्या मानानं महागच. तिथून रिमिनीला प्रादेशिक गाडी घ्या, दीड तासाच्या आसपास आणि दहा-बारा युरोंत. तिचा दर दिवसागणिक बदलत नाही, त्यामुळे आधीपासून काढून ठेवायची गरज नाही. कागदी तिकिटावर मात्र चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर खिशात तिकीट असून दंड.

एक दिवस वाळू सोडून जुन्या गावात जा. ऑगस्टसची कमान इसवी सन पूर्व २७ मधली, आणि तिबेरियसचा पूल इसवी सन २१ मध्ये पुरा झालेला. दोन्ही बघायला दमडी लागत नाही. स्टेशनसमोरून सान मारिनोची बस मिळते, तासाभरात वेगळ्या देशात.

शेवटच्या दिवशी खोली साधारण दहाला सोडावी लागते, आणि विमान रात्रीचं असेल तर मधला वेळ काढायचा असतो. बॅगा हॉटेलमध्ये ठेवून घेतात, आदल्या रात्री नुसतं विचारून ठेवा. छत्री त्या दिवसासाठीही घ्या, म्हणजे बान्योवर अंघोळ आणि कपडे बदलणं उरकतं. गरम पाण्याला बऱ्याच ठिकाणी टोकन लागतं, ते काउंटरवर मिळतं. मग चारच्या सुमाराची बोलोन्याची गाडी पकडायची.