हाताला सुई ठेवून घरी जाताय? अँटिबायोटिक इंजेक्शनच्या या चुका टाळा

टायफॉइडचा ताप थोडा आटोक्यात आला, खाणंपिणं सुरू झालं, की डॉक्टर म्हणतात, "घरी जा, पण इंजेक्शनला रोज येत राहा." मग हाताला निळी किंवा गुलाबी सुई, तिच्यावर चिकटपट्टी आणि पिशवीत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकच्या बाटल्या घेऊन पेशंट रिक्षात बसतो. मी नर्स आहे, असे पेशंट रोज पाहते. शिरेतून दिलेलं औषध थेट रक्तात जातं, त्यामुळे चूक सावरायला वेळ फार कमी मिळतो. तरी यातल्या बहुतेक चुका पेशंटला आणि नातेवाइकांना सहज टाळता येतात.

सगळ्यात जास्त गडबड होते ती सलाईनच्या चक्रीपाशी. शेवटची एसटी गाठायची असते, डबा यायचा असतो, आणि शेजारी बसलेला भाऊ हळूच चक्री फिरवून थेंब वाढवतो. त्यामागे माया असते, हे मला कळतं. पण त्या बाटलीत नेमकं काय मिसळलंय हे त्याला माहीत नसतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सलाईनमधून साधारण अर्ध्या तासात देतात. व्हॅन्कोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला मात्र किमान एक तास लागतो, डोस मोठा असेल तर त्याहूनही जास्त. ते भराभर गेलं तर चेहरा, मान, छाती लाल होते, खाज सुटते, रक्तदाबही पडू शकतो. आणि पुढचं नुकसान वेगळंच. हा त्रास बऱ्याचदा खरी अ‍ॅलर्जी नसतो, औषध घाईने गेल्यामुळे होतो. पण फाइलवर 'अ‍ॅलर्जी' असं लिहिलं गेलं, की पुढे खरी गरज असतानाही ते औषध द्यायला डॉक्टर कचरतात. बाटलीत पोटॅशियम घातलेलं असेल, तर वाढवलेला वेग हृदयाच्या ठोक्यांवर जातो. म्हणून सलाईन हळू चाललीय, थांबलीय, नळीत रक्त आलंय असं दिसलं तर सिस्टरला हाक मारा. दहा वेळा मारा. नळीत रक्त दिसलं म्हणून घाबरू नका. बाटली संपली किंवा हात खाली लोंबकळला, की असं होतं. नळीतला बारीक बुडबुडा पाहूनही अनेकांचा जीव खालीवर होतो. तेवढ्याने काही होत नाही.

दुसरी गोष्ट अ‍ॅलर्जीची. "कसली अ‍ॅलर्जी आहे का?" असं विचारलं, की दहापैकी नऊ जण लगेच "नाही" म्हणतात. मी मग वेगळं विचारते, "लहानपणी कुठल्या इंजेक्शनने किंवा गोळीने अंगावर गांधी उठल्या होत्या का?" तेव्हा आई आठवून सांगते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, पिपरॅसिलिन ही एकाच घरातली औषधं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन त्यांचं लांबचं नातेवाईक. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना ते चालतं, पण चालेल की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि त्यासाठी त्यांना आधी कळायला हवं.

हातावर टेस्ट डोस दिला, काही झालं नाही, म्हणजे आता धोका टळला, हाही मोठा गैरसमज आहे. टेस्ट ठीक येऊनही रिअ‍ॅक्शन येऊ शकते. पहिल्या डोसनंतर निदान अर्धा तास तिथेच बसा. अंगावर गांधी, ओठ सुजणं, घसा आवळल्यासारखा वाटणं, दम लागणं, डोळ्यांसमोर अंधारी, यातलं काहीही जाणवलं तर त्याच क्षणी बोला. "जरा बरं वाटेल मग सांगू" असं करू नका. मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनलिन अशा वेळी जीव वाचवतं, फक्त ते मिनिटांत मिळायला हवं. घरी पोहोचल्यावर त्रास सुरू झाला तर १०८ ला फोन करा.

चालू गोळ्या लपवू नका. फिटसाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याला मेरोपेनेम हे अँटिबायोटिक दिलं, तर व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी झपाट्याने खाली येते आणि फिट परत येऊ शकते. वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांना अँटिबायोटिक सुरू झाल्यावर रक्ताची तपासणी जास्त वेळा करावी लागते. अमिकासिन हे अँटिबायोटिक सुरू असताना कानात गुणगुण, तोल जाणं, लघवी कमी होणं यांकडे वयाचा दोष म्हणून पाहू नका. गेलेलं ऐकू येणं बऱ्याचदा परत येत नाही.

घरी कंपाउंडर बोलावून इंजेक्शन घेणारे बरेच आहेत. स्नायूत द्यायच्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या पाकिटात कधी कधी दुखू नये म्हणून लिग्नोकेनची वेगळी कुपी असते. ती शिरेत द्यायची नसते. कुपीवरचं नाव वाचून त्यांना विचारा, विचारण्यात अपमान नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईनमध्येही मिसळायचं नाही, त्यातल्या कॅल्शियममुळे साका धरतो. नवजात बाळांच्या बाबतीत हे जिवावर बेतलेलं आहे. तयार केलेलं औषध फिकट पिवळं दिसलं तर ते ठीक आहे. गढूळ असेल किंवा कण तरंगत असतील तर घेऊ नका.

सुईची जागा दिवसातून दोनतीनदा बघा. दुखतंय, लाल झालंय, गरम लागतंय, शीर दोरीसारखी कडक झालीय किंवा हात फुगलाय, म्हणजे सुई बदलायची वेळ झाली. "अजून दोनच डोस उरलेत, चालवून घ्या" असं आम्हाला सांगू नका. आंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी बांधा. पट्टी ओली झाली तर लगेच बदलून घ्या.

आता तापाबद्दल. टायफॉइडमध्ये योग्य औषध सुरू होऊनही ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी धीर सुटतो, दुसरा दवाखाना गाठला जातो, तिथे नवं अँटिबायोटिक सुरू होतं. तसं करण्याआधी आहे त्या डॉक्टरांशी बोला, आणि जायचंच असेल तर कोणतं इंजेक्शन, किती ग्रॅम, किती डोस झाले हे लिहून न्या. बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवला तरी पुरे. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू शोधायची तपासणी, सांगितलं असेल तर रक्त पहिल्या डोसच्या आधी द्या, नंतर जंतू सापडणं अवघड होतं.

"गोळीने काय होणार, सलाईनच लावा" हा हट्टही सोडायला हवा. लेव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड यांसारखी औषधं तोंडाने घेतली तरी जवळजवळ पूर्ण रक्तात पोहोचतात. डॉक्टर गोळीवर आणत असतील तर ती चांगली बातमी आहे, एक सुई कमी झाली. उरलेल्या बाटल्या शेजाऱ्याच्या तापासाठी जपून ठेवू नका. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शेड्यूल एच-१ मध्ये आहे, म्हणजे विकताना मेडिकलवाल्याला डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव नोंदवून ठेवावं लागतं. डेंग्यू किंवा साध्या व्हायरल तापावर त्याचा काही उपयोगही नाही.

शेवटच्या डोसला सुई काढल्याशिवाय घरी जाऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कापसाने जास्त वेळ दाबून धरा. आणि कोर्स संपल्यावरही काही आठवडे पोटाकडे लक्ष ठेवा. वारंवार पाण्यासारखे जुलाब, पोटात कळ, ताप असं सुरू झालं तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून आणू नका. डॉक्टरांकडे जा आणि इंजेक्शन कधी संपलं ती तारीख आठवणीने सांगा.