जर्बिलला सुकामेवा देताय? काजू, शेंगदाणे, अक्रोड आणि कोकणातला पावसाळा

आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात काजू घरचाच, त्यामुळे जर्बिल, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, घरी आलं की कोणीतरी पहिल्याच आठवड्यात काजूचा तुकडा त्याच्यासमोर धरतंच. देऊच नका असं नाही, पण किती, कोणता आणि कुठल्या अवस्थेतला हे आधी बघा.

जर्बिल मूळचं मंगोलिया नि उत्तर चीनकडच्या कोरड्या माळरानातलं, बिया आणि गवतावर जगणारं. मोठं झालं तरी वजन साधारण ६० ते १०० ग्रॅम. आता ७० ग्रॅमच्या जर्बिलने एक आख्खा शेंगदाणा खाल्ला तर नुसत्या वजनाच्या हिशोबात ते ७० किलोच्या माणसाने एका बैठकीला अर्धा किलो दाणे खाण्यासारखं झालं! शिवाय १०० ग्रॅम शेंगदाण्यात फॅट ४९ ग्रॅमच्या आसपास, बदामात ५०, काजूत ४४ आणि अक्रोडात तर ६५. जर्बिल पटकन लठ्ठ होतात आणि चविष्ट तेवढं वेचून बाकीचं तसंच टाकतात. म्हणून रोजचं जेवण पेलेट (दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या) किंवा धान्याचं मिश्रण, आणि सुकामेवा आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, तोही नखाएवढा तुकडा.

शेंगदाणा भाजलेला, बिनमिठाचा, अर्धा पुरे. खारे दाणे, मसाला काजू, खारा पिस्ता, चिक्की यातलं काहीच नको. अक्रोड मला सगळ्यात आवडतो कारण त्याचं कवचही कामाला येतं, जर्बिलचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते कुरतडूनच झिजतात. फक्त अक्रोड आधी फोडून आतून बघा, बंद कवचात बुरशी दिसत नाही, मग गर बहुतेक काढून घ्या आणि अर्धं कवच तेवढं द्या. बदाम गोडच हवा. कडू बदाम आणि जर्दाळूची कडू बी पोटात गेली की सायनाइड तयार होतं, एक कणसुद्धा नको. भोपळ्याच्या बिया सुकवून एखादी चालते.

आता परसातलं. घरातल्या मुलांना हे नीट समजावून सांगा, कारण ती प्रेमाने काहीही उचलून पिंजऱ्यात टाकतात. काजूची बी सालीसकट कधीच देऊ नका, त्या सालीतलं तेल आपली बोटं भाजतं, एवढ्याशा तोंडाचं काय होईल विचार करा. ओल्या काजूगरांनाही सोलताना ते तेल लागलेलं असतं, उसळीला आणलेले गर म्हणून तसेच नकोत. बाजारातला साल काढलेला, साधा, पांढरा काजूगर ठीक. बिब्ब्याच्या सालीतही तसलंच तेल असतं. सुपारी तर अजिबात नाही, ओली असो की सुकी, त्यातलं अरेकोलीन थेट मज्जासंस्थेवर काम करतं. जायफळही विषारी ठरू शकतं.

पण माझ्या मते आपल्याकडे खरी भीती बुरशीची आहे. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर हवा इतकी दमट की डब्यातले दाणेही मऊ पडतात, आणि शेंगदाण्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते जे लिव्हर खराब करतं. भाजलं की जाईल असं समजू नका, भाजून ते पूर्ण जात नाही. दाणा सुरकुतलेला, काळपट किंवा हिरवट डागाचा असेल, कुबट किंवा खवट वास येत असेल तर टाकून द्या, धुऊन वाळवून वापरू नका. सुक्या खोबऱ्याचंही तसंच. पावसाळ्यात एकदम किलोभर आणू नका, थोडं घ्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा.

आणि दिलेला तुकडा खाल्ला का हे बघायलाच हवं. जर्बिलला खाणं पुरून ठेवायची सवय असते, वरून वाटी रिकामी दिसते आणि खाली भुशात काजू ओला होऊन बुरसटतो. म्हणून दुसऱ्या दिवशी बिळाचा कोपरा हलक्या हाताने उकरून उरलेलं काढून टाका, घरटं मात्र सगळं मोडू नका, बिचारी घाबरतात.

खाणं सोडलं, जुलाब लागले, अंग फुगवून कोपऱ्यात बसून राहिलं तर उद्यावर टाकू नका, एवढ्या छोट्या जिवाची तब्येत काही तासांत ढासळते. त्याच दिवशी व्हेटकडे न्या आणि जाताना जे दाणे दिले होते तेही पिशवीत घ्या, डॉक्टरांना बघता येतील.