प्राणी संस्थेची घटना लिहिताना या चुका टाळा

प्राण्यांसाठी संस्था काढायला माझ्याकडे येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. घटना म्हणजे संस्थेचे उद्देश आणि नियम लिहिलेला कागद. "काका, घटनेचा वर्डमधला नमुना आहे काय?" आहे. पण देत नाही. नमुना दिला की वाचायचं राहून जातं. नाव-पत्ता बदलून प्रिंट निघते आणि काही वर्षांनी तीच पोरं, आता दोन गटांत फुटलेली, त्याच पानांची झेरॉक्स घेऊन परत येतात. भटक्या कुत्र्यांसाठी काढलेल्या एका संस्थेच्या घटनेत "गुणवंत विद्यार्थ्यांना गणवेश व वह्या वाटप करणे" असं कलम मी या डोळ्यांनी वाचलंय. कुठल्या तरी शिक्षणसंस्थेची घटना उचलली होती, दुसरं काय!

आपल्याकडे सात माणसं जमली की संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था होते. काम धर्मादाय असल्यामुळे तीच संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास म्हणूनही नोंदवली जाते. 'एफ'चा, म्हणजे न्यासाच्या नोंदणीचा, नंबर पडला की पेढे वाटले जातात. इथवर कुणाचं काही अडत नाही, घटना कपाटात जाते. ती बाहेर निघते भांडणाच्या दिवशी. तालीम मंडळात भांडण झालं तर फार तर एक गणपती जास्त बसतो. इथं पिंजऱ्यात जीव असतात, आणि भांडण कुणाचंही असो, त्यांना दिवसातून दोनदा खायला लागतं.

"कुणीही या, शंभर रुपये भरा, सभासद व्हा"

ही माझी सगळ्यात नावडती चूक.

पन्हाळ्याच्या वाटेवर एक निवारा होता. अध्यक्ष एक बाई, कामाला वाघीण. सेक्रेटरी तरुण, रात्री दोनला फोन केला तरी गाडी काढणारा. जागा सेक्रेटरीच्या मेहुण्याची. कागद केला नव्हता. "आपल्याच घरातली जागा हाय की, कागद कशाला?" खजिनदाराला पुण्यात नोकरी लागली, तो गेला. त्याच्या जागी दुसरी मुलगी हिशेब बघू लागली. तिच्या नेमणुकीचा ठराव व्हॉट्सॲपवर झाला, सगळ्यांनी अंगठे दाखवले. असा बदल धर्मादाय आयुक्तांना कळवायला चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ठिणगी पडली एका कुत्रीवरून. अपघातात कंबरेखाली लुळी पडलेली, जखमा चिघळलेल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, हिचे हाल बघवत नाहीत, डॉक्टरांना बोलवा. सेक्रेटरी म्हणाला, मी असेपर्यंत तसलं इंजेक्शन इथं द्यायचं नाही. दोघांचाही जीव त्या कुत्रीवर होता, खोटं कुणीच बोलत नव्हतं. घटनेत यावर एक ओळ नाही. मग काय, कार्यकारी मंडळात मतदान घेतलं. ज्यांनी ती कुत्री पाहिलीही नव्हती, त्यांनीही हात वर केले.

तिथून बोलाचाली बंद झाली आणि वार्षिक सभा तोंडावर आली. आदल्या आठवड्यात एका गटाने पावतीपुस्तक बाहेर काढलं. गल्लीतले, जिममधले, मामाच्या गावचे, दिसेल त्याची शंभराची पावती फाडली. घटनेप्रमाणे चूक काहीच नव्हती, कारण "१८ वर्षांवरील कोणतीही व्यक्ती वर्गणी भरून सभासद होऊ शकेल" एवढंच त्यात लिहिलेलं. अर्ज कोण मंजूर करणार, मताचा हक्क कधीपासून, यावर घटना गप्प. भर सभेत त्यातल्या एका नव्या सभासदाने शेजारच्याला विचारलं, "ही दुधाची सोसायटी काय?"

पुढचं ठरल्यासारखं झालं. दोन सभा, दोन कमिट्या, दोन चेंज रिपोर्ट, दोन्हींवर हरकती. धर्मादायच्या रेकॉर्डला मात्र पुण्याला गेलेला खजिनदार अजून खजिनदारच! बँकेकडे दोन्ही गटांची पत्रं गेली आणि खातं थांबलं. बँकेला दोष देता येत नाही, तिनं तरी कुणाची सही खरी मानायची? मेहुण्याने फाटकाला कुलूप घातलं. राखणीच्या मावशी तारेच्या कुंपणावरून भाकरीचे तुकडे आत टाकायच्या. धट्टीकट्टी कुत्री खाऊन घ्यायची. लुळी मागेच राहायची. शेवटी दोन्ही गटांतल्या चार शहाण्या माणसांनी जनावरं घरोघरी वाटून घेतली. केस चालू आहे.

आता मी काय करायला लावतो ते सांगतो. पुस्तकी पद्धत वेगळी असेल, माझी ही आहे.

सभासदत्वाचा अर्ज लेखी, मंजुरी कार्यकारी मंडळाच्या ठरावाने, आणि मताचा हक्क मंजुरीनंतर सहा महिन्यांनी. १८६० च्या कायद्यातच आहे की वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली असेल तर त्याला मत नाही. ते घटनेत पुन्हा लिहा, कारण सभेत कायदा कुणी उघडत नाही. आणखी एक: वर्षभरात ठरावीक दिवस निवाऱ्यावर काम केल्याशिवाय पदाला उभं राहता येणार नाही, असं कलम टाका. यावर लोक नाक मुरडतात. मुरडू द्या.

दयामरणाचा निर्णय मतदानाने होणार नाही, दोन पशुवैद्यकांच्या लेखी अभिप्रायावर होईल, आणि त्यातला निदान एक संस्थेत पगारावर किंवा पदावर नसेल. बस, तीन ओळींचं कलम आहे. ते नसल्यामुळे फुटलेल्या संस्था मी मोजायच्या सोडल्यात.

जागेचा कागद पहिल्या दिवशी. मेहुण्याची असो नाहीतर देवाची.

आणि चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, मालमत्तेत भर पडली, की ९० दिवसांच्या आत १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली कळवायचं असतं. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण तो करायची वेळ नेमकी भांडणात येते आणि समोरचा हरकत घेतो. माझी सवय अशी, की सभा संपली आणि चहा यायचाय, तेवढ्यात राजीनामा, नव्या माणसाचं संमतीपत्र, ठरावाची नक्कल, तिन्ही कागद सह्यांसकट एका फायलीत. चहा पिऊन माणसं पांगली की सही मिळवायला गंगावेशीपासून कसबा बावड्यापर्यंत फिरावं लागतं.

व्हॉट्सॲपवर चर्चा करा, शिव्या द्या, काय वाट्टेल ते करा. ठराव बांधीव प्रोसिडिंग बुकात, पानांना आकडे घातलेल्या.

पुराचं कलम

कोल्हापुरात संस्था काढताय आणि घटनेत पुराचा उल्लेख नाही, हे मला पटतच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग दिवसचे दिवस बंद. चिखली, आंबेवाडीत माणसांनाच बाहेर काढता येईना, तिथं दावणीच्या म्हशींचं कोण बघणार? २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. अशा वेळी "सात दिवसांची नोटीस देऊन सभा बोलवावी व खर्चास मंजुरी घ्यावी" हे कलम काय कामाचं? निम्मी कमिटी पाण्याच्या पलीकडे.

म्हणून मी आकडाच घालायला सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आहे, ४३ ही धोक्याची. पाणी ३९ वर गेलं की अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार यांपैकी जे दोघे एकमेकांना फोनवर गाठू शकतील त्यांनी ठरलेल्या रकमेपर्यंत खर्च करावा, आणि पाणी उतरल्यावर ठरावीक मुदतीत सभेपुढे पावत्या ठेवाव्यात. "आणीबाणीच्या परिस्थितीत" असं मोघम लिहू नका. आणीबाणी कुणाला कधी वाटेल सांगता येत नाही, फूट सगळ्यांना सारखेच दिसतात.

पुराच्या नावावर आलेला पैसा पुरासाठीच. उरला तर काय करायचं, तेही आधीच लिहा. देणगीदार दोन वर्षांनी विचारतो, आणि त्याने विचारावंच.

बाकीच्या, थोडक्यात

सातांपैकी चौघे एकाच घरातले. नवरा, बायको, मेव्हणी, आणि सहीपुरते सासरे. करू नका.

उद्देशात "सर्व पशुपक्षी व वन्यजीव" असं ऐटीत लिहायचं आणि मग जखमी घुबड नाहीतर पोपट महिनाभर निवाऱ्यावर ठेवायचा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आहे. वन्य प्राणी सापडला तर वन विभागाला कळवून त्यांच्या ताब्यात, हे नियमावलीत स्पष्ट हवं. सापवाल्या पोरांना हे दोनदा वाचून दाखवा.

उलटी चूक म्हणजे उद्देशात फक्त "कुत्रे" आणि कार्यक्षेत्र फक्त "कोल्हापूर शहर". उद्या करवीर तालुक्यातल्या गाढवासाठी खर्च केलात की ऑडिटर बोट ठेवतो.

निर्बीजीकरण करणार असाल तर उद्देशात लिहून भागत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे केंद्राच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची मान्यता लागते. आणि त्या नियमांप्रमाणे कुत्रं सहसा जिथून उचललं तिथंच सोडायचं. एखाद्या नगरसेवकाने "लांब नेऊन सोडा" म्हटलं तर नियमावलीतलं कलम दाखवता आलं पाहिजे.

दत्तक देण्याचं कलम लिहिताना मुद्देमालाची जनावरं वगळा. कागलकडे ट्रक पकडला जातो, पोलीस जनावरं संस्थेकडे सोपवतात, आणि उत्साही पोरं त्यातलं वासरू कुणाला तरी सांभाळायला देऊन मोकळी. कोर्टात केस चालू असताना ते जनावर आपलं नसतं. ताब्यातलं असतं.

संस्थेचा डॉक्टर विश्वस्त असेल तर त्याची बिलं मंजूर करताना तो खोलीबाहेर. डॉक्टर कितीही देवमाणूस असला तरी.

खजिनदाराने खिशातले पैसे घालून औषधं आणायची आणि वहीत "संस्थेला कर्ज" लिहायचं. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासासाठी कर्ज काढता येत नाही, १९५० च्याच कायद्याचं कलम ३६अ. देणगी म्हणून द्या नाहीतर देऊच नका.

रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला आयकरात देणगीची (८०जी) सवलत मिळत नाही. पावती फाडण्याआधी सांगा, नंतर नाही. परदेशी नागरिक असलेल्या मित्राकडून गुगल पेवर पैसे मागवणाऱ्यांनी आधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, वाचावा.

कोरम निम्म्या सभासदांचा ठेवायचा, आणि मग दरवर्षी तहकूब सभा. आपल्याकडे रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे जेवढी गर्दी असते, त्याच्या चौथा हिस्साही सभेला येत नाही, हे धरून आकडा घाला.

विसर्जनाचं कलम बहुतेक जण नमुन्यातून जसंच्या तसं घेतात. शिल्लक मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नाही, दुसऱ्या संस्थेकडे जाईल, हे कायद्याचंच म्हणणं आहे. पण खुर्च्या आणि फ्रीजची व्यवस्था लिहितात, जनावरांची नाही. कुठल्या प्रकारच्या संस्थेकडे, किती दिवसांत, आणि तोवर चाऱ्याचा खर्च कुठल्या खात्यातून, हे तिथं यायला हवं. मी तर चारा, औषध आणि राखणदाराचा पगार यांसाठी तीन महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला लावतो, सह्या वेगळ्या माणसांच्या.

आधीच नोंदणी झाली असेल तर

"आठ दिवसांत नंबर काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटाकडून घटना घेतलेली असणार, मला माहीत आहे. त्याच्याकडचा नमुना गडहिंग्लजपासून शिरोळपर्यंत एकच असतो. घाई तुमची, पैसे त्याचे.

दुरुस्ती होते, वेळ मात्र लागतो. आधी आपल्याच घटनेतलं दुरुस्तीचं कलम वाचा. नियमावली बदलायची रीत तिथं असते. उद्देशच बदलायचे असतील तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ आडवं येतं: प्रस्ताव दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाकडे, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तिथंही तीन पंचमांश. म्हणजे संस्थेत अजून गोडी आहे तोवरच हे काम होतं. नोटीस टपालाने पाठवा आणि पोस्टाची पावती प्रोसिडिंग बुकात त्याच पानावर चिकटवा. मोबाइलमधला पावतीचा फोटो ज्याच्याकडे असतो, नेमका तोच दुसऱ्या गटात जातो.