घोडीवरची जाळी: उचलून नेता येणाऱ्या टेबलाची तयारी

लाकूड-प्लाय कापायच्या टेबलाला सपाट फळी लावायचा मोह आधी आवरा. उभ्या-आडव्या पट्ट्यांची उघडी जाळी आणि खाली सुताराच्या दोन घोड्या (पायांचे सुटे आधार), एवढं पुरतं. भुसा खाली गळतो, क्लॅम्प हवा तिथे लागतो, कापलेला तुकडा पायावर पडत नाही. सहा बाय तीन फुटांची जाळी साधारण दहा किलोची होते; तेवढीच 18 मिमीची फळी जवळपास दुप्पट.

प्लाय 12 मिमीचा, आठ बाय चारची एक शीट. एमआर ग्रेड (दमटपणा सोसणारा) चालेल, पण टेबल गच्चीवर भिजणार असेल तर बीडब्ल्यूपीच (उकळत्या पाण्यातही टिकणारा) घ्या. शीट उभी करून कडेवरून एक डोळा मिटून बघा. पीळ दिसला तर दुसरी मागा, दुकानदार कुरकुरला तरी. त्याच्याकडे पॅनल सॉ (अख्खी शीट सरळ कापणारं यंत्र) असेल तर चार इंची सात पट्ट्या तिथेच काढून घ्या. चार पट्ट्या सहा फुटांवर तोडा, उरलेल्या तिनांतून तीन-तीन फुटांचे सहा तुकडे.

खरं काम पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या खाचांचं. 12 मिमीचा प्लाय मोजला की बऱ्याचदा थोडा कमीच भरतो, म्हणून व्हर्नियर (जाडी अचूक मोजायचं साधन) हाताशी हवा. खाच मोजलेल्या जाडीपेक्षा अर्धा मिमी सैल, कारण पावसाळ्यात प्लाय फुगतो. खोली दोन इंच. लांब पट्ट्यांना खाच वरून, आडव्यांना खालून. ताण खालच्या कडेवर येतो, ती कड अखंड राहिली पाहिजे. एका मापाच्या पट्ट्या एकत्र आवळून गुण्यानं एकदमच आखा. फेविकॉल नको, स्क्रू तर मुळीच नको: करवतीचं पातं याच पट्ट्यांत तीन-चार मिमी उतरणार आहे. शिवाय जाळी सुटी करून दोरीनं बांधता येते. पट्ट्यांवर पेन्सिलीनं नंबर टाका.

टेबलावर दुसरं काही फेविकॉलनं जोडायचं असेल तेव्हा जाळीवर टाकायला 6 मिमी प्लायचा एक सुटा तुकडा ठेवा, त्यावर जुनं प्लॅस्टिक, म्हणजे फेविकॉल चिकटत नाही.

घोड्यांची उंची ठरवताना सरळ उभं राहून जमिनीपासून मनगटापर्यंत मोजा आणि जाळीचे चार इंच वजा करा. गॉगल, मास्क, एक्स्टेंशन बोर्ड हे आलंच. सोसायटीत दुपारी करवत चालते का, तेही विचारून ठेवा. पार्किंगची फरशी बहुधा पाणी वाहून जाईल अशी उतरती असते, तेव्हा दोन लाकडी पाचरी सोबत असू द्या.